लाखभर पळालेली एसयूव्ही घेताना दुरुस्तीचा हिशेब

दहा वर्षे वापरलेली, मीटरवर एक लाख वीस हजार किलोमीटर झालेली डिझेल एसयूव्ही महाराष्ट्रात पाच-साडेपाच लाखांना मिळते. स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५००, सफारी स्टॉर्म, डस्टर ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावे. घरात पाच-सहा माणसे, गावाकडचा रस्ता खराब, वर्षातून दोन-तीनदा घाट उतरून कोकणात किंवा देवदर्शनाला जाणे, आणि नव्या गाडीचा सतरा-अठरा लाखांचा आकडा झेपणारा नाही. अशा कुटुंबाला ही गाडी घ्यावीशी वाटणे अगदी रास्त आहे. पण बहुतेक घरांत साडेपाच लाख हीच गाडीची किंमत धरली जाते आणि असेल नसेल ती शिल्लक तिच्यात घातली जाते. ती रक्कम फक्त गाडी दारात आणण्याची आहे. ती भरवशाने चालवायची तर खरेदीच्या किमतीचा पाव ते तिसरा हिस्सा पहिल्या वर्षातच दुरुस्तीला लागतो, आणि तेवढी रोकड खरेदीनंतरही हातात उरणार नसेल तर एवढी पळालेली एसयूव्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत घाबरवण्यासाठी मांडलेले नाही. हिशेब आधी केला तर हीच गाडी चांगला सौदा ठरते, हेही पुढच्या आकड्यांतून दिसेल.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. सतरा लाखांची गाडी दहा वर्षांनी साडेपाच लाखांवर आली, तरी तिचा क्लच, टर्बो, इंजेक्टर, लोअर आर्म, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळे सतरा लाखांच्या गाडीचेच राहतात आणि त्याच भावाने मिळतात. बहुतेक वेळा दहा वर्षांपूर्वीपेक्षा महाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, पूर्वी त्यातल्या बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता, त्यामुळे थोडा दिलासा मिळाला हे खरे. पण त्याने मूळ प्रमाण बदलत नाही. यातल्या बहुतेक एसयूव्हींचे वजन पावणेदोन-दोन टनांच्या घरात असते, टायर मोठे, ब्रेक मोठे, सस्पेन्शन जड. सहा लाखांची नवी लहान गाडी घेणारा आणि साडेपाच लाखांची जुनी एसयूव्ही घेणारा शोरूमच्या दारात सारखेच दिसतात, गॅरेजच्या बिलावर मात्र दोघांत दुपटी-तिपटीचा फरक पडतो. आपण गाडीवर किती खर्च केला यावर देखभाल ठरत नाही. ती गाडी मुळात कोणत्या वर्गाची आहे यावर ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. गाडीतल्या झिजणाऱ्या भागांचे आयुष्य वेगवेगळे असले तरी लाख ते दीड लाख किलोमीटर या टप्प्यावर त्यातले बरेच एकत्र येतात. आपल्याकडच्या खड्ड्यांत सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट साठ-ऐंशी हजारांनंतर सैल होऊ लागतात. शहरातल्या गर्दीत चाललेल्या गाडीचा क्लच लाखाच्या आसपास बोलू लागतो. शॉकअब, इंजिन माउंटिंग, हब बेअरिंग, रेडिएटरचे होज पाइप, टायरचा दुसरा किंवा तिसरा संच, ब्रेक डिस्क, सगळे त्याच सुमारास. पहिल्या मालकालाही हे ठाऊक असते. सर्व्हिस सेंटरने पुढच्या कामांचा दीड लाखाचा अंदाज हातात ठेवला की अनेकांच्या मनात गाडी विकण्याचा विचार येतो, आणि त्यात काही लबाडी आहे असेही नाही. माणसे अशीच वागतात. परिणाम मात्र ठरलेला आहे. त्याने टाळलेली कामे गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतात. म्हणून ‘घेतल्यापासून काम निघतच चालले आहे’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते. गाडी वाईट निघाली असे दर वेळी नसते. ती विकण्याच्या वेळी विकली गेलेली असते.

आकड्यांत बोलू. पुढचे भाव खासगी, पण नीट काम करणाऱ्या गॅरेजचे आणि दोन-सव्वादोन लिटर डिझेल इंजिनाच्या मध्यम एसयूव्हीचे धरले आहेत. शहर आणि मॉडेलप्रमाणे ते वर-खाली होतील. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि चारही फिल्टर मिळून पंधरा ते वीस हजार. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून पंचवीस ते चाळीस हजार. गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असेल आणि तेही गेले असेल तर आणखी तेवढेच. पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचे नीट काम, म्हणजे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि शॉकअब, तीस ते पंचेचाळीस हजार. २३५/६५ आर १७ मापाचे चार चांगले टायर पंचेचाळीस ते पंचावन्न हजार. बॅटरी सात-आठ हजार, ब्रेक पॅड आणि डिस्क दहा-बारा हजार. टर्बो, इंजेक्टर, एसी, गिअरबॉक्स असे काहीही मोठे न निघताही बेरीज दीड लाखाच्या आसपास जाते. सगळी कामे एकदम निघतीलच असे नाही. मागच्या मालकाने टायर आणि क्लच नुकतेच बदलले असतील तर रक्कम निम्म्यावर येईल, पण मग त्या गाडीची किंमतही त्याने तशीच लावलेली असेल. टर्बो किंवा इंजेक्टर निघाले तर मात्र खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. एक नवा इंजेक्टर पंधरा-वीस हजारांपर्यंत जातो आणि ते चार असतात. टर्बो चाळीस-पन्नास हजारांवर. आणि रिंग-पिस्टन, बोअर, हेड असे पूर्ण इंजिन काम लाख-दीड लाखांचे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की डिझेल इंजिन तीन लाख किलोमीटर सहज जाते. टुरिस्टच्या इनोव्हा चार-पाच लाख पळालेल्या दिसतात, मग एक लाख वीस हजार म्हणजे इंजिन अजून तरुण आहे. यातले अर्धे अगदी खरे आहे. चांगले डिझेल इंजिन वेळेवर तेलपाणी मिळाले तर एवढे टिकते. पण आपल्या हिशेबातला दीड लाखाचा खर्च पुन्हा पाहा. त्यात इंजिनाचे काम एकही नाही. गाडी म्हणजे फक्त इंजिन असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. शिवाय टुरिस्ट गाडीचे किलोमीटर आणि घरगुती गाडीचे किलोमीटर सारखे नसतात. मुंबई-पुणे-शिर्डी अशा फेऱ्या करणारी गाडी महिन्याला पाच-सहा हजार किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, गरम इंजिनाने, वरच्या गिअरमध्ये धावते. तिचे ऑइल दर दोन-तीन महिन्यांनी बदलले जाते, कारण ती उभी राहिली तर धंदा बुडतो. रोज सकाळी मुलांना शाळेत सोडून सिग्नलमागे सिग्नल करत कार्यालयात पोहोचणारी एसयूव्ही वर्षाला आठ हजारच पळते, पण तेवढ्यात तिचा क्लच, टर्बो आणि ईजीआर व्हॉल्व्ह जास्त सोसतात. इनोव्हा पाच लाख पळते हे देखभालीचे यश आहे, आणि ती देखभाल कुणीतरी सतत पैसे मोजून केलेली असते.

म्हणूनच मीटरवरच्या आकड्यापेक्षा देखभालीच्या नोंदीला जास्त किंमत द्यावी. सगळी बिले असलेली दीड लाख पळालेली गाडी आणि एकही बिल नसलेली सत्तर हजार पळालेली गाडी यांत मी पहिली निवडेन. मीटर मागे फिरवून देणारे लोक प्रत्येक शहरात आहेत आणि डिजिटल मीटरही त्यातून सुटलेले नाहीत. त्यावरचा सर्वांत भक्कम पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात असतो. तिथे दर खेपेला तारखेसह किलोमीटर नोंदवले जातात. विक्रेत्याला सोबत घेऊन गाडी नंबर आणि चॅसी नंबरवर ही नोंद मागवावी. तो टाळाटाळ करू लागला तर तेही एक उत्तरच आहे. टायरच्या कडेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात. २०१५ ची गाडी, मीटरवर चाळीस हजार आणि टायर २०२२ चे असतील तर मधले किलोमीटर कुठे गेले हे विचारावे. क्लच आणि ब्रेक पेडलचे रबर, स्टीअरिंगची गुळगुळीत झालेली कड, चालकाच्या सीटचा दबलेला कोपरा हेही बोलतात, पण हे बदलता येते. नोंद बदलणे अवघड.

महाराष्ट्रात खरेदी करताना आणखी तीन गोष्टींची पारख हवी. पहिली पुराची. २००५ मध्ये मुंबई, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले आणि पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. अशा गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंग वर्षानुवर्षे छळत राहते. सीटखालच्या लोखंडी रुळांवरचा गंज, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी गाळाची रेघ, गालिच्याखालचा वास आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवरचा हिरवट थर या खुणा सहज पुसल्या जात नाहीत. दुसरी, किनारपट्टीवर वाढलेली गाडी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातली गाडी दिसायला चकचकीत असली तरी खाऱ्या हवेने चॅसी, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे बोल्ट खाल्लेले असू शकतात. रॅम्पवर चढवल्याशिवाय हे कळत नाही. तिसरी, दिल्ली पासिंगची गाडी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध आणले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि तिकडच्या एसयूव्ही इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. तिथला दर कमी असतो, पण ना हरकत प्रमाणपत्र, इथली पुनर्नोंदणी आणि घटलेल्या मूल्यावर पुन्हा भरावा लागणारा मोटार वाहन कर धरला की वाचलेल्या पैशातला मोठा भाग निघून जातो. ही कागदपत्रे विक्रेत्याने पूर्ण करून दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

तपासणीसाठी दोन-तीन हजार रुपये देऊन स्वतःचा मिस्त्री न्यावा, तोही विक्रेत्याने सुचवलेला नको. गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहायची. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन बरेच दोष झाकते. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या फटक्यात सुरू व्हावे आणि एकसारखे चालावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, सतत पांढरा आणि गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत जात असण्याची शक्यता, जोर दिल्यावर काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गात गडबड. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर जोरात वाफ फेकली जात असेल तर रिंग झिजल्याचा संशय घ्यावा. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच परत फिरावे. स्कॅनर लावून इंजेक्टरचे करेक्शन आकडे पाहिले तर कोणता इंजेक्टर थकला आहे ते आधीच समजते, आणि जुने फॉल्ट कोड नुकतेच पुसले आहेत का हेही. चढावर चौथ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच संपत आला आहे. खराब रस्त्यावर हळू चालवून खालचे आवाज ऐकावेत, एसी वीस मिनिटे चालू ठेवावा, आणि शेवटी गाडी रॅम्पवर घ्यावी. खालून नुकतेच धुऊन चमकवलेले इंजिन दिसले तर ते गळती लपवण्यासाठी धुतलेले असू शकते. दोन दिवसांनी पुन्हा पाहायला मागावे. जे जे निघेल त्याचा गॅरेजकडून लेखी अंदाज घ्यावा आणि त्याच आकड्याने किंमत पाडून मागावी. सत्तर हजारांची कामे दाखवून पन्नास हजार कमी करून घेणे हे पुढच्या वर्षाच्या खर्चाची पहिली तरतूद आहे.

मॉडेल निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: टायमिंग बेल्ट आहे की चेन? महिंद्राच्या २.२ लिटर एमहॉक इंजिनाला चेन आहे, डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला बेल्ट आहे, पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या तीन लिटर डिझेललाही बेल्टच. बेल्टला ठरावीक आयुष्य असते. वॉटर पंप आणि टेन्शनरसह तो वेळेवर बदलणे काही हजारांचे काम आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे, विक्रेत्याने कितीही छातीठोक सांगितले तरी. चेन अमर असते असेही नाही. गार इंजिनाचा खडखडाट ऐकू आला तर तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. दुसरा प्रश्न भागांच्या उपलब्धतेचा. शेव्हरोलेटने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. कॅप्टिव्हा किंवा एंडेव्हर दणकट गाड्या आहेत आणि म्हणूनच त्यांच्या कमी किमतीचा मोह होतो. पण एखाद्या सेन्सरसाठी गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहणे हाही खर्चच आहे. घरात दुसरे वाहन नसेल तर अशा गाडीच्या वाटेला जाऊ नये. तिसरा प्रश्न एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलचा. त्यांना धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि तो जळून साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. ज्यांचा रोजचा प्रवास पाच किलोमीटरचा आहे त्यांनी एवढी पळालेली बीएस-६ डिझेल घेण्याआधी दहादा विचार करावा. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. तो बेकायदा आहे आणि त्या काळ्या धुरातून पुढे जाणारी माणसे आपल्याच गावची असतात.

गाडी घरी आल्यावर पैसे कुठे आधी घालायचे यात लोक सर्वांत जास्त चुकतात. सीट कव्हर, अलॉय, स्क्रीन, सनफिल्म यांवर पहिले चाळीस हजार जातात आणि दोन महिन्यांनी क्लचसाठी उधारी शोधावी लागते. आधी सगळी तेले आणि फिल्टर बदलावेत, मागच्याने कालच बदलले असे म्हटले तरी. त्या दिवसापासून आपली स्वतःची नोंद सुरू होते. त्याच आठवड्यात जिवाशी गाठ असलेली कामे: ब्रेक, टायर, स्टीअरिंगचे आणि सस्पेन्शनचे बॉल जॉइंट. आंबेनळी किंवा आंबा घाटात भरलेली गाडी उतरवताना यातले काहीही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणण्यासारखे नाही. त्यानंतर जी कामे लांबवली तर दुसरे काहीतरी सोबत घेऊन जातात ती: बेल्ट, कूलंटचे जुने होज, वॉटर पंप, कुठलीही ऑइल गळती. पाचशे रुपयांचा होज फुटून इंजिन तापले तर हेड गॅस्केटचे काम तीस-चाळीस हजारांवर जाते. एसीची थंडी कमी असणे, शॉकअबचा हलका आवाज, मागच्या दाराची काच अडकणे ही गैरसोय आहे. ती सहा महिने थांबू शकते.

गॅरेज कोणते, हा वादाचा विषय. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी महाग आणि भाग उघडून दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण संच बदलण्याकडे कल. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मजुरी कमी, पण योग्य स्कॅनर आणि त्या मॉडेलची माहिती असेलच असे नाही. मला मधला मार्ग पटतो. इलेक्ट्रॉनिक दोष, एअरबॅग, डीपीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांसाठी अधिकृत किंवा त्याच कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेले गॅरेज. सस्पेन्शन, ब्रेक, क्लच, तेलपाणी यांसाठी भरवशाचा खासगी मिस्त्री. भाग स्वतः घ्यायला हरकत नाही. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा आपापल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बॉश, व्हॅलिओ, लुक, गॅब्रिएल यांसारख्या, कार कंपन्यांनाच माल पुरवणाऱ्या उत्पादकांचे भाग मिळतात आणि बऱ्याचदा कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतात. मात्र पक्के बिल घ्यावे आणि खोके तपासावे, कारण नकली मालही त्याच बाजारात फिरतो. जुन्या बाजारातून आरसा, दाराची काच, बंपर घ्यावा; ब्रेक, स्टीअरिंग आणि टर्बो कधीही नाही. ‘आमचा मिस्त्री निम्म्यात करून देतो’ असे अभिमानाने सांगणारे असतात, आणि चांगला मिस्त्री खरेच मोठी बचत करतो. पण निम्म्यात म्हणजे निम्मी मजुरी की निम्मा दर्जा, हे बिलावर भागाचे नाव आणि नंबर लिहिलेला असेल तरच सांगता येते.

मग एवढे करून ही गाडी परवडते का? पाच वर्षांचा हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत आहेत, वाचकाने आपले घालावेत. साडेपाच लाखांची जुनी एसयूव्ही, पहिल्या वर्षी दीड लाख, पुढची चार वर्षे दरवर्षी साठ हजार देखभाल, म्हणजे नऊ लाख चाळीस हजार. पाच वर्षांनी ती दीड लाखाला विकली. तीन लाखांचे कर्ज १३ टक्क्यांनी घेतले तर व्याज एक लाख दहा हजार, आणि पाच वर्षांचा विमा लाखभर. एकूण दहा लाख. आता सतरा लाखांची नवी गाडी: पाच वर्षांनी आठ लाखांना विकली तर घट नऊ लाख, सर्व्हिसिंग पाऊण लाख, बारा लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी व्याज दोन लाख पंच्याण्णव हजार, विमा सव्वादोन लाख. एकूण पंधरा लाखांच्या आत-बाहेर. म्हणजे दारात साडेअकरा लाखांची वाटणारी बचत प्रत्यक्षात पाच लाखांची आहे. पाच लाख ही मध्यमवर्गीय घरात मोठी रक्कम आहे आणि ती वाचवण्यासाठी जुनी गाडी घेणे शहाणपणाचेच आहे. पण ती बचत पाच वर्षांत पसरलेली आहे, आणि खर्च मात्र पहिल्या बारा महिन्यांत दाटलेला. नवी गाडी घेणाऱ्याचा बोजा ठरलेल्या हप्त्यात विभागलेला असतो. जुनी घेणाऱ्याचा बोजा कधी येईल ते गाडी ठरवते, आणि इंजेक्टरसाठी बँक वाहनकर्ज देत नाही. एखादे इंजिन काम निघाले तरी वाचलेल्या पाचातले साडेतीन लाख उरतात. हातात रोकड नसल्याने गाडी अर्धवट दुरुस्त करत राहिलात तर तेही उरत नाहीत, कारण अर्धवट दुरुस्ती तीच कामे दोनदा करायला लावते.

कुणी म्हणेल, मग साडेपाच-सहा लाखांत नवी लहान गाडीच का घेऊ नये? ज्यांचे घर चौघांचे आहे, रस्ता डांबरी आहे आणि वर्षाचा प्रवास आठ-दहा हजार किलोमीटरच आहे, त्यांनी खरोखर तेच करावे. कमी चालणाऱ्याला डिझेल एसयूव्हीच्या देखभालीचा भार प्रति किलोमीटर फार जड जातो. रबराचे भाग, टायर, बॅटरी न चालवताही वयाने संपतात. ही गाडी त्यांच्यासाठी आहे ज्यांना सात माणसांची जागा, उंची आणि सामानाची क्षमता खरोखर लागते आणि ज्यांचे वर्षाला पंधरा हजारांवर किलोमीटर होतात. त्यांनी देखभालीकडे अपघात म्हणून पाहण्याऐवजी डिझेलसारखा चालू खर्च म्हणून पाहावे. वर्षाला साठ हजार आणि पंधरा हजार किलोमीटर म्हणजे किलोमीटरमागे चार रुपये. लिटरला बारा किलोमीटर धरले तर पन्नास लिटर डिझेलमागे सहाशे किलोमीटर. प्रत्येक वेळी टाकी भरली की चोवीसशे रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. पहिल्या वर्षाचा दीड लाख याच्या वेगळा, खरेदीच्या दिवशीच बाजूला ठेवलेला.

विम्याबाबत एक गैरसमज दूर व्हायला हवा. तो अपघाताचे नुकसान भरून देतो. झीज, यांत्रिक बिघाड, संपलेला क्लच यातले काही भरून देत नाही. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, तो त्याचाच राहतो, त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेल्या हप्त्यापेक्षा आपला हप्ता जास्त येणार हे धरून चालावे. पंधराशे सीसीवरील खासगी गाडीचा फक्त तृतीय पक्ष विम्याचा दर २०२२ च्या अधिसूचनेने ७,८९७ रुपये ठरला. जुन्या गाडीवर अनेक जण तेवढाच घेतात. पाच लाखांच्या गाडीला मी तसे सुचवणार नाही. ती दीड-दोन लाखांवर आली की विचार करता येईल.

आणि केव्हा थांबायचे तेही खरेदीच्या वेळीच ठरवावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१५ च्या गाडीला २०३० मध्ये योग्यता तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागेल. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्कच पाच हजार रुपये झाले आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर, आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी कामे वेगळी. त्या तारखेच्या वर्षभर आधी गाडी रॅम्पवर घेऊन पुढच्या दोन वर्षांच्या कामांचा अंदाज काढावा. तो अंदाज गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त निघाला तर नूतनीकरणाची वाट न पाहता, बिलांची फाइल सोबत देऊन आणि राहिलेली कामे घेणाऱ्याला सांगून गाडी विकावी. निम्म्याच्या बऱ्याच खाली निघाला, चॅसी गंजलेली नसेल आणि इंजिन ऑइल पीत नसेल, तर आणखी पाच वर्षे ती ठेवण्याइतके स्वस्त दुसरे काही मिळणार नाही.